यकृतावरची चरबी उतरते

(जबलपूर येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगार बंधू-भगिनींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



एरवी मी आपल्यासमोर उभा राहतो तो पेन्शन, रिक्त जागा आणि खासगीकरण या विषयांवर बोलायला. ते विषय संपलेले नाहीत आणि ते सोडून देण्याचा माझा इरादाही नाही. पण आज मी माझ्या पोटाविषयी बोलणार आहे. हसा, हसायला हरकत नाही. गेली काही वर्षे गेट मीटिंगमध्ये माझ्याआधी माझे पोट पुढे यायचे, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे.

हा विषय मी का घेतला, ते आधी सांगतो. आमच्या डेपोत माझ्याबरोबर कामाला लागलेला एक फिटर होता. त्याचे नाव घेत नाही, कारण त्याची मंडळी याच गावात राहतात. अंगाने भरलेला, स्वभावाने शांत, कामाला वाघ. चोपन्नाव्या वर्षी त्याच्या पोटात पाणी झाले, पाय सुजले, एके रात्री रक्ताची उलटी झाली. डॉक्टरांनी लिव्हर सिरॉसिस म्हणून सांगितले. डेपोत बातमी पोहोचली आणि लगेच कुजबूज सुरू झाली, ‘पीत असणार. घरात बसून पीत असणार.’ आम्ही मदतनिधीची यादी फिरवली, तेव्हा काही जणांनी हात आखडता घेतला. एकाने तर तोंडावर सांगितले, ‘दारूला वर्गणी कशाला?’ मी सेक्रेटरी. मी त्याला तिथल्या तिथे थांबवायला हवे होते. मी गप्प राहिलो, कारण मनातून मलाही तसेच वाटत होते.

तो गेला. तेराव्यानंतर भेटायला गेलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, बत्तीस वर्षांत ह्यांनी एक थेंब घेतला नाही. गळ्यात माळ होती. तुम्हाला तर ठाऊक होतं.’

खरेच, मला ठाऊक होते. तरी मी बोललो नाही. साथींनो, माणूस गेला त्याला माझा इलाज नव्हता. पण जाताना त्याच्यावर जो डाग लागला, त्यात माझा वाटा आहे. आजचे हे भाषण थोडेफार त्या कर्जाची फेड आहे, असे समजा.

त्या दिवशी घरी येऊन मी माझी स्वतःची जुनी फाईल काढली. तीन वर्षांपूर्वी मुतखड्याच्या संशयाने माझी सोनोग्राफी झाली होती. तिच्या रिपोर्टात खाली एक ओळ होती, ‘फॅटी लिव्हर, ग्रेड एक’. ज्यांनी तपासले त्यांनी तेव्हा एवढेच म्हटले होते, ‘हे हल्ली सगळ्यांनाच असते.’ मी ऐकले आणि फाईल बंद केली. सिग्नल पिवळा दिसला आणि मी गाडी त्याच वेगात पुढे नेली. रेल्वेच्या माणसाला याहून मोठी लाज कोणती?

आता हा आजार म्हणजे काय, ते मला समजले तसे सांगतो. मी मॅट्रिक शिकलेला माणूस, डॉक्टर नाही. पण डॉक्टरांना प्रश्न विचारायची सवय युनियनने लावली आहे.

यकृत, म्हणजे लिव्हर, हा बरगड्यांच्या खाली उजव्या बाजूला असलेला सुमारे दीड किलोचा अवयव. त्याला आपण कटनीचे यार्ड समजू. जेवणातून आलेला माल आधी तिथे येतो. काही माल तिथेच थोडा वेळ उभा राहतो, काहीची छाननी होते, मग गरजेप्रमाणे शरीरभर रवाना होतो. साखरेचा साठा म्हणून लिव्हर फार तर शंभर ग्रॅमच्या आसपास माल ठेवू शकते. त्याहून जास्त माल रोज येत राहिला आणि पुढे खर्चच झाला नाही तर काय होईल? यार्ड जाम होईल. लिव्हर त्या जादा मालाची चरबी करते आणि ती स्वतःच्याच पेशींत भरून ठेवते. टपाल खात्यातील बंधूंनी असे समजावे की सॉर्टिंगमध्ये थैल्या येत आहेत, पण डिस्पॅच बंद आहे. लिव्हरमध्ये चरबीचे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात.

नुसती चरबी साठली म्हणून लगेच काही होत नाही. पण काही लोकांत त्या चरबीमुळे लिव्हरला सूज येते. सूज वर्षानुवर्षे राहिली की जखमा होतात आणि जखमेच्या जागी वण धरतो. वण वाढत वाढत सगळे लिव्हर कडक, गाठीगाठींचे झाले की तो सिरॉसिस. त्यापुढे पोटात पाणी, रक्ताची उलटी, कधी कॅन्सर. चरबी आणि सूज परत फिरते. सुरुवातीचा वणही बऱ्याच जणांत कमी होतो. सिरॉसिसनंतर मात्र परतीची गाडी मिळणे फार कठीण. आणि हे सगळे होत असताना लिव्हर सहसा दुखत नाही. वाईट गोष्ट ही, की ते तक्रार करत नाही. चांगली गोष्ट ही, की ते आपल्याला वर्षानुवर्षांची मुदत देते.

दारूने लिव्हर खराब होते हे जुने सत्य आहे आणि जे घेतात त्यांनी ती सोडलीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण न पिणाऱ्या माणसाच्या लिव्हरमध्येही हुबेहूब तसेच बदल होतात, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग या डॉक्टरांनी १९८० साली नाव देऊन मांडले. पुढे अनेक वर्षे याला नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर म्हणत. २०२३ साली जगभरच्या यकृततज्ज्ञांनी मिळून हे नाव बदलले. एक कारण असे की, ‘फॅटी’ आणि ‘अल्कोहोलिक’ या शब्दांनी रुग्णाला उगाच कमीपणा येतो. हे वाचले तेव्हा मला वहिनींचे शब्द आठवले. आमच्या डेपोतील कुजबूज ही फक्त आमच्या डेपोतील नव्हती तर.

आपल्या देशात हा आजार किती? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२१ साली मधुमेह, हृदयविकार, कॅन्सर यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचा समावेश केला. त्या वेळच्या मार्गदर्शक सूचनांत सर्वसाधारण लोकसंख्येत ९ ते ३२ टक्के असा अंदाज दिलेला आहे. म्हणजे या सभागृहात शंभर माणसे असतील, तर कमीत कमी नऊ जण आणि जास्तीत जास्त बत्तीस जण. मधुमेही आणि वजनदार लोकांत प्रमाण याहूनही जास्त.

इथे काही सडपातळ साथी मनातल्या मनात म्हणत असतील की हे आपल्यासाठी नाही. त्यांच्यासाठी पुण्याची एक गोष्ट. पुण्याच्या के. ई. एम. हॉस्पिटलमधील डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे मधुमेहाचे मोठे संशोधक. त्यांनी आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात स्वतःचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, म्हणजे दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण अंगातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्यात २१.२ टक्के निघाली. आपण भारतीय लोक हाडापेराने बारीक दिसतो, पण चरबी पोटात आणि आतल्या अवयवांत जमवतो. म्हणून आपल्यासाठी मोजमापे वेगळी आहेत. बॉडी मास इंडेक्स २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा सुरू होतो. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, स्त्रीची ८० सेंटिमीटर, याच्या वर गेली की धोका. काटा नसेल तर शिंप्याची टेप आणा. पँटच्या पट्ट्यावर जाऊ नका, तो आपण पोटाखाली बांधतो. टेप बेंबीच्या पातळीवर धरा.

आता माझा स्वतःचा हिशोब मांडतो. वय ५२, उंची पाच फूट सहा इंच, वजन ८६ किलो, कंबर १०६ सेंटिमीटर. सोनोग्राफीत ग्रेड दोन. एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सोनोग्राफीतील ग्रेड म्हणजे चरबी किती आहे त्याचा अंदाज. वण धरला आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी एक सोपा हिशोब आहे, त्याला फिब-फोर म्हणतात. लागतात फक्त चार आकडे: वय, रक्तातील एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट. वयाला एसजीओटीने गुणायचे. मग प्लेटलेटच्या हजारांच्या आकड्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचे. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागायचे.

माझे आकडे होते: एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २ लाख २० हजार. ५२ गुणिले ४८ म्हणजे २,४९६. चौसष्टचे वर्गमूळ ८, म्हणून २२० गुणिले ८ म्हणजे १,७६०. भागाकार आला १.४२. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर मोठा वण असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर तज्ज्ञाकडे ताबडतोब जावे. मधे असेल तर पुढची तपासणी करावी. साधारण ३५ ते ६५ वयाच्या माणसांना हे माप लागू पडते. मी मधे होतो. मग लिव्हरचा कडकपणा मोजणारी, सोनोग्राफीसारखीच न दुखणारी फायब्रोस्कॅन नावाची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, ‘सूज आहे, वण धरायला सुरुवात झाली आहे, पण अजून वेळ आहे.’

मी विचारले, ‘औषध?’ ते म्हणाले, ‘आठ-नऊ किलो वजन कमी करा, हेच औषध.’

मला वाटले माणूस मला टाळतो आहे. पण नाही, साथींनो. या आजारासाठी म्हणून मंजूर झालेले पहिले औषध अमेरिकेत २०२४ साली आले, दुसऱ्याला २०२५ साली मंजुरी मिळाली. तीही ठरावीक टप्प्याच्या रुग्णांसाठी, आणि आहार व व्यायाम यांच्या जोडीनेच घ्यायची. वजन उतरवणे कोणालाच चुकलेले नाही.

वजन उतरवल्याने खरेच होते का, याची मोठी परीक्षा क्यूबात झाली. श्रीमंत देश नव्हे, क्यूबा. हवाना शहरातील डॉक्टरांनी सूज धरलेले २९३ रुग्ण घेतले. औषध दिले नाही. वर्षभर रोजच्या खाण्यातून ७५० कॅलरी कमी करायला आणि आठवड्यात २०० मिनिटे चालायला सांगितले. वर्षअखेर लिव्हरचा तुकडा काढून पुन्हा तपासला. निष्कर्ष २०१५ साली छापले गेले. ज्यांनी शंभरातले दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवले, त्यांच्यापैकी ९० टक्के लोकांची सूज गेली आणि ४५ टक्के लोकांचा वणसुद्धा मागे हटला. पाच टक्के उतरवले तरी चरबी कमी होते, सात ते दहा टक्क्यांवर सूज उतरू लागते.

पण याच अभ्यासातील दुसरा आकडाही ऐका, कारण तो आपल्या कामाचा आहे. २९३ पैकी दहा टक्क्यांचा पल्ला गाठला फक्त २९ जणांनी. डॉक्टर मागे लागलेले असताना दहातला एक. म्हणजे उपाय साधा आहे, पण सोपा नाही. एकट्याने तर नाहीच नाही. आणि एकट्याने जे होत नाही ते करण्यासाठीच आपण युनियन काढली ना?

मी काय केले ते सांगतो. आधी आठ दिवस काहीच बदलले नाही, फक्त तोंडात जाईल ते वहीत लिहिले. हा उद्योग प्रत्येकाने करून पाहावा, घाम फुटतो. दिवसाला चहा आठ कप. कपाला साखर दोन चमचे, चमच्याला पाच ग्रॅम. म्हणजे रोज ८० ग्रॅम, महिन्याला जवळजवळ अडीच किलो साखर एकट्या चहातून! जागतिक आरोग्य संघटनेचे २०१५ चे म्हणणे असे की अशी वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. सकाळी पोहे आणि जलेबी, ही आपल्या जबलपूरची रीत. प्रत्येक मीटिंगला समोसा, आणि सेक्रेटरीला मीटिंगा किती! कमानिया गेटच्या बाजूला काम निघाले की खोव्याची जलेबी. रात्री दहाला घरी, मग पाच पोळ्या, वर भात, आणि झोप. उपवासाचे म्हणाल तर ‘एकादशी, दुप्पट खाशी’. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, बटाटा, तूप. देवही चकित होत असेल.

मग एक एक डबा कापायला सुरुवात केली. सगळी गाडी एकदम थांबवली नाही.

पहिला महिना फक्त साखर. दोन चमच्यांचा एक, एकाचा अर्धा, मग बंद. थंड पेये आणि बाटलीतले रस बंद. त्यातील साखर लिव्हरवरच जाऊन आदळते. फळ खायचे ते चावून. पहिले पंधरा दिवस बिनसाखरेचा चहा औषधासारखा लागला. आज साखरेचा चहा पिववत नाही.

दुसऱ्या महिन्यात ताट बदलले. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव ताटात घट्ट वरण, उसळ किंवा मोड आलेली मटकी, आणि उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात. आमच्या सौभाग्यवतींनी पोळीच्या जागी ज्वारीची भाकरी आणली. भात खायचाच असेल तेव्हा मंडला-दिंडोरीकडचा कोदो किंवा कुटकी शिजवतात. आपल्या घरातील कामवाल्या बाईंचे जे रोजचे अन्न, ते आम्ही गरिबाचे म्हणून सोडले होते. तेही मोजूनच घ्यायचे, भाकरी म्हणून सहा खाल्ल्या तर काय उपयोग? तेल महिन्याला पाच लिटर लागत होते, ते अडीचवर आले. चार वाजताच्या भुकेला समोशाऐवजी मूठभर फुटाणे आणि ताक.

तिसऱ्या महिन्यापासून वेळ सांभाळली. रात्रीचे जेवण आठच्या आत. आणि चालणे. सुरुवातीला पंधरा मिनिटांत धाप लागे. पुढे पहाटे ग्वारीघाटाच्या बाजूला पाऊण तास, आठवड्यात पाच दिवस. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने.

आता युनियनचा भाग. मी डेपोत उघड सांगितले की मला हा आजार आहे. न पिणारा माणूस आहे, तरी आहे. त्या एका वाक्याने काय झाले सांगू? त्याच आठवड्यात आठ जण एकेकटे येऊन हळूच म्हणाले, ‘माझ्याही रिपोर्टात तेच लिहिलंय.’ आम्ही नऊ जणांची टोळी केली. दर सोमवारी काट्यावर उभे राहायचे, आकडा सर्वांसमोर वहीत लिहायचा. वजन वाढले तर थट्टा करायची नाही, काय अडले ते विचारायचे. नऊपैकी चौघांनी दहा टक्क्यांचा पल्ला गाठला. तिघांचे तीन-चार किलो उतरले. दोघे मधेच सुटले, त्यांना मी दोष देत नाही. त्यांतील एकाला सलग रात्रपाळ्या होत्या.

माझे वजन चौदा महिन्यांत ८६ वरून ७७ वर आले, कंबर ९६. मधे दोन महिने काटा हललाच नाही आणि दिवाळीत दीड किलो परत चढले, तेही सांगून ठेवतो. तरी शेवटी नऊ किलो, म्हणजे दहा टक्क्यांच्या थोडे वर. एसजीओटी ४८ वरून २६, एसजीपीटी ६४ वरून २५, प्लेटलेट २ लाख ३० हजार. हिशोब पुन्हा करा: ५३ गुणिले २६ म्हणजे १,३७८. २३० गुणिले ५ म्हणजे १,१५०. भागाकार १.२०, म्हणजे १.३ च्या खाली. सोनोग्राफीत ग्रेड दोनचा एक झाला. बरा झालो असे म्हणणार नाही, माझी कंबर अजून नव्वदच्या वरच आहे. पण गाडी उलट्या दिशेला लागली आहे.

काही इशारे. महिन्यात दहा किलो उतरवून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. फार झपाट्याने वजन उतरवले तर लिव्हरला उलट त्रास होऊ शकतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये, साखर एकदम उतरून चक्कर येते, आणि लाइनवर चक्कर येणे म्हणजे काय हे सांगायला नको. लिव्हर साफ करणारी चूर्णे आणि काढे डॉक्टरांना न सांगता घेऊ नका. पोटात पाणी, डोळे पिवळे, काळी शौच अशी लक्षणे असतील तर आहाराच्या गप्पा बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा.

साथींनो, आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कोणी म्हणेल, हा ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न आहे, यात युनियनचे काय काम? मी त्याला लंडनची गोष्ट सांगेन. तिथे जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली आणि १९५३ साली छापली. एकाच बसवरची माणसे. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करणारा. हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त निघाला. मग त्यांनी टपाल खाते पाहिले. टपाल वाटणाऱ्या पोस्टमनपेक्षा बसून काम करणारे कारकून आणि टेलिफोनवाले यांच्यात हृदयविकार जास्त. म्हणजे माणसाच्या शरीराचे काय होते, हे त्याच्या ड्यूटीवरही ठरते. तो लिव्हरचा अभ्यास नव्हता, पण बसून राहणे आणि पोटाची चरबी हे दोन्हींचे एकच मूळ आहे.

आपल्याकडे पाहा. लोको पायलट रात्री दोनला साइन ऑन करतो, त्याचे जेवण कोणत्या वेळेला? रनिंग रूममध्ये त्याला काय मिळते? काउंटरवरचा टपाल कारकून किती तास खुर्चीवरून उठत नाही? रात्रपाळीत स्टेशनबाहेर भजी आणि चहा यांखेरीज काय उघडे असते? माणसाला आठ दिवसांत तीन वेगवेगळ्या वेळांना झोपायला लावायचे आणि मग ‘वजन कमी करा’ म्हणून कागदावर लिहून द्यायचे, हा न्याय नाही.

मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांनी १९४६ साली टपाल-तार कर्मचाऱ्यांच्या वादात आणि १९४७ साली रेल्वे कर्मचाऱ्यांच्या वादात निवाडा दिला. तुमचे आणि आमचे खाते एकाच न्यायाधीशासमोर उभे होते. रेल्वेच्या निवाड्यात कामाचे तास, विश्रांती आणि रजा हाच विषय होता. म्हणजे विश्रांती ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे आपल्या आधीच्या पिढीने भांडून मिळवले. वेळेवर धड जेवण हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे.

म्हणून माझ्या सूचना अशा. एक, नियमित वैद्यकीय तपासणीत कंबर मोजावी, आणि एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट यांवरून फिब-फोरचा आकडा काढून कर्मचाऱ्याला लेखी द्यावा. तो गुप्त राहावा आणि त्याचा उपयोग इलाजासाठी व्हावा, कोणाला कमी लेखण्यासाठी नाही. दोन, रनिंग रूम आणि कँटीनमध्ये रोज एक डाळ, एक पालेभाजी, भाकरी आणि ताक मिळालेच पाहिजे. तीन, सलग रात्रपाळ्यांवर मर्यादा आणि जेवणाच्या सुट्टीची अंमलबजावणी. चार, बसून काम करणाऱ्यांना दर तासाला पाच मिनिटे उठण्याची मुभा.

आणि पाचवी सूचना सरकारला नाही, आपल्याला आहे. आपल्या शाखेच्या मीटिंगमध्ये समोसा बंद, फुटाणे सुरू. चहा साखरेविना, ज्याला हवी त्याने वरून घ्यावी. आमच्या शाखेने हे केले आहे. पहिल्या मीटिंगला उपस्थिती थोडी घटली, हे कबूल करतो. तिसऱ्या मीटिंगला सगळे परत आले.

शेवटी पुन्हा त्या फिटरकडे येतो. मदतनिधीची ती यादी आम्ही नंतर पुन्हा फिरवली. मी प्रत्येकाला सांगितले की हा माणूस पीत नव्हता, आणि पीत असता तरी तो आपलाच होता. ज्याने ‘दारूला वर्गणी कशाला’ म्हटले होते, त्याने निमूट पैसे दिले. रक्कम घेऊन गेलो तेव्हा वहिनी पैशांविषयी काही बोलल्या नाहीत. त्यांनी विचारले, ‘तुम्ही सगळ्यांना सांगितलंत?’ मी हो म्हटले. त्यांनी मान हलवली आणि बिनसाखरेचा चहा माझ्यापुढे ठेवला. माझ्या आजाराची बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोहोचली होती.

तेव्हा साथींनो, उद्या घरी जुनी फाईल काढा. एखाद्या रिपोर्टाच्या तळाशी ती ओळ आहे का ते पाहा. असेल तर लपवू नका, शेजारच्या साथीला सांगा. पिवळा सिग्नल दिसला आहे, अजून लाल झालेला नाही. वेग कमी करायला वेळ आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!